बिअरच्या कारखान्यातल्या केमिस्टने अणूंचं वजन केलं, म्हणून आज राहुरीत द्राक्षातलं औषध सापडतं

राहुरी म्हटलं की ऊस, मुळा धरण आणि कृषी विद्यापीठ. नगरहून शिर्डीला जाताना महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा परिसर बहुतेकांनी गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. डाळिंबातला भगवा याच विद्यापीठाचा. उसातला फुले २६५ सुद्धा याच घरातला. पण या विद्यापीठात आणखी एक काम चालतं, ज्याची चर्चा फारशी होत नाही. भाजीत, फळात, मातीत फवारलेल्या औषधाचा किती अंश शिल्लक राहिला, हे इथे तपासलं जातं. कीडनाशकांच्या उर्वरित अंशावरच्या अखिल भारतीय नेटवर्क प्रकल्पाचं एक केंद्र राहुरीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? तर २०१० चा द्राक्ष हंगाम आठवा. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांना तो वेगळा आठवून द्यावा लागत नाही. भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईड नावाचं रसायन सापडलं. आपल्याकडे बागेत त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते वापरायचे. मारलं वेलीवर, तेही कित्येक महिने आधी, आणि सापडलं थेट मण्यात. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे एक टन द्राक्षांत ५० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षाही कमी. तेवढ्यावरून कंटेनर अडकले, माल पडून राहिला आणि निर्यातदार आणि शेतकरी दोघेही कोट्यवधींच्या खड्ड्यात गेले.

एक टन द्राक्षांत चिमूटभर औषध शोधायचं, आणि ते दुसरं तिसरं काही नसून हेच आहे असं छातीठोक सांगायचं, हे काम करणाऱ्या मशीनला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. आणि हे मशीन आज ज्या रूपात आपल्याला माहीत आहे, त्याच्या मुळाशी एक अजब गडी आहे. नाव फ्रान्सिस विल्यम ॲस्टन.

१ सप्टेंबर १८७७ ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या हार्बोर्न गावात त्याचा जन्म झाला. सात भावंडांत तिसरा. वडील धातूचे व्यापारी आणि शेतीही करणारे, आईचं माहेर बंदुका बनवणाऱ्यांचं. म्हणजे घरात लोखंड, हत्यारं आणि खटपट यांची कमी नव्हती. पोरगा लहानपणापासून काहीतरी जोडत-तोडत बसायचा. कॉलेजात गेल्यावर त्याने घरातच स्वतःची प्रयोगशाळा थाटली. काच फुंकून नळ्या बनवायला शिकला, आणि ही कला पुढे आयुष्यभर त्याच्या कामी आली.

बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात त्याने रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकलं. पण नुसत्या संशोधनावर पोट भरेना. मग त्याने आंबवण्याचं, म्हणजे किण्वनाचं शास्त्र शिकून घेतलं आणि १९०० साली बिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला. आपल्याकडे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीवर लक्ष ठेवणारा केमिस्ट असतो ना, अगदी तसाच. तीन वर्षं त्याने ही नोकरी केली. दिवसा बिअर आणि रात्री घरी येऊन निर्वात पंप बनवायचे, असा त्याचा उद्योग. १९०३ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याने बिअरला रामराम ठोकला.

बर्मिंगहॅममध्ये तो काचेच्या नळ्यांमधली हवा काढून त्यातून वीज सोडायचा आणि आत काय चमकतं ते बघायचा. १९०८ मध्ये त्याला कॅथोडला चिकटून असलेला एक अंधारा पट्टा दिसला. आजही त्याला ॲस्टन डार्क स्पेस म्हणतात. त्याच वर्षी वडील गेले. हातात थोडा पैसा आला आणि पठ्ठ्या जगाच्या सफरीवर निघाला. हवाईत होनोलुलूला लाटांवरचं सर्फिंगही शिकून आला. १९०९ मध्ये!

परत आल्यावर त्याला केंब्रिजहून बोलावणं आलं. बोलावणारा माणूस साधा नव्हता. इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसन. त्याला एक असा सहायक हवा होता ज्याच्या हातात जादू आहे. थॉमसन डोक्याने राजा, पण हाताने मशीन हाताळण्यात त्याची ख्याती बरी नव्हती. ॲस्टन बरोबर उलटा. जोडी जमली.

आता इथे थोडं थांबून मशीन समजून घेऊ, कारण पुढची सगळी भानगड त्यावर आहे.

खळ्यातली उफणणी पाहिलीय का? आता मळणीयंत्रं आली, पण आजोबांना विचारा. तिवढ्यावर उभं राहायचं, सुपातून धान्य हळूहळू खाली सोडायचं आणि बाजूने वारा वाहत असला पाहिजे. जड दाणा जवळ पडतो, हलका भुसा लांब उडतो. वारा एकच, पण वजनाप्रमाणे प्रत्येकाची जागा वेगळी. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे अणू-रेणूंची उफणणी. फक्त इथे वाऱ्याच्या जागी वीज आणि चुंबक असतं. अणूला साधा वारा लागत नाही, म्हणून आधी त्याच्यातला एखादा इलेक्ट्रॉन काढून त्याला विद्युतभार द्यायचा. भार आला की त्याला चुंबकाचा वारा लागतो. हलका जास्त वळतो, जड कमी वळतो.

एक गोम मात्र लक्षात ठेवा. एखाद्या कणाचे दोन इलेक्ट्रॉन गेले तर त्याला दुप्पट वारा लागतो, आणि मशीनला तो निम्म्या वजनाचा वाटतो. मशीन नुसतं वजन मोजत नाही, वजन भागिले भार मोजतं. हा घोळ ध्यानात न घेता आलेख वाचला की हमखास फसगत होते.

तर थॉमसनच्या उपकरणात सगळं निर्वात असायचं. वायूचे भारित कण वीज आणि चुंबकातून जाऊन फोटोच्या काचेवर आदळायचे आणि तिथे वक्र रेषा उमटायच्या. प्रत्येक वजनाची एक वक्र रेषा. १९१२ च्या सुमारास त्यांनी निऑन वायू तपासायला घेतला. निऑनचा अणुभार २०.२. काचेवर मात्र २० च्या जागी एक ठळक रेषा आली आणि २२ च्या जागी एक फिकट.

ही २२ वाली कोण?

पहिला संशय कार्बन डायऑक्साईडवर. त्याचं वजन ४४, आणि त्याचे दोन इलेक्ट्रॉन गेले असतील तर मशीनला तो २२ दिसणार. वर सांगितलेली गोम हीच. म्हणून वायू द्रव हवेने थंड केलेल्या नळीतून नेला, म्हणजे कार्बन डायऑक्साईड तिथेच गोठून बसेल. रेषा जशीच्या तशी. म्हणजे तो नव्हे. मग निऑनला दोन हायड्रोजन चिकटले असतील का? थॉमसनला तसंच काहीतरी वाटत राहिलं. ॲस्टनला मात्र वाटत होतं की निऑनच दोन प्रकारचा आहे.

ते सिद्ध करायला त्याने जे केलं त्याला चिकाटीच म्हणावं लागेल. चिनी मातीच्या बारीक छिद्रांच्या नळीतून त्याने निऑन पुन्हा पुन्हा झिरपवला. हलके अणू जरा जास्त वेगाने झिरपणार, जड मागे राहणार, या आशेवर. महिनोन्‌महिने हेच. एवढ्याशा वायूची घनता मोजायला त्याने क्वार्ट्झचा स्वतःचा काटा बनवला, जो ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या आसपास फरक दाखवायचा. सोन्याच्या पेढीवरचा काटा त्याच्यापुढे ऊस वजनाचा काटा वाटावा. शेवटी १९१३ मध्ये दोन टोकांच्या निऑनमध्ये फरक निघाला, पण एक टक्क्यापेक्षाही कमी. ॲस्टनला पुरेसा, जगाला अपुरा. त्याच वर्षी फ्रेडरिक सॉडीने किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या अभ्यासातून आयसोटोप, म्हणजे समस्थानिक हा शब्द रूढ केला. एकच मूलद्रव्य, गुणधर्म सारखे, वजन वेगळं. पण साध्या, स्थिर मूलद्रव्यातही असं असतं, हे पटायला अजून पुरावा हवा होता.

आणि १९१४ उजाडलं. महायुद्ध. ॲस्टनला फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात पाठवलं. विमानाच्या पंखांवरच्या कापडाला लावायच्या लेपावर त्याने काम केलं. तिथे प्रयोगाच्या एका विमानाच्या अपघातातून तो थोडक्यात वाचला. त्या अपघातात तो गेला असता तर ही गोष्ट दुसऱ्याच कुणाची झाली असती. फार्नबरोत संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फ्रेडरिक लिंडमन नावाच्या शास्त्रज्ञाशी त्याचे निऑनवरून वाद रंगायचे. लिंडमन समस्थानिकांच्या विरोधात, ॲस्टन बाजूने. वादाने निकाल लागणार नव्हता. चांगलं मशीन पाहिजे होतं.

१९१९ मध्ये केंब्रिजला परतून त्याने ते बनवलं. मास स्पेक्ट्रोग्राफ.

थॉमसनच्या मशीनची अडचण काय होती? एकाच वजनाचे कण कमी-जास्त वेगाने यायचे, त्यामुळे काचेवर ते लांबच लांब पसरायचे आणि रेषा फिकट पडायची. उफणताना कुणी दाणे हळू सोडले, कुणी भिरकावले तर रास कशी पसरेल, तसं. ॲस्टनने युक्ती केली. आधी विजेने कण एका बाजूला वळवले, त्यात हळू कण जास्त वळले, वेगवान कमी. मग चुंबकाने उलट बाजूला अशा बेताने वळवले की एकाच वजनाचे सगळे कण, हळू असोत की जलद, फोटोच्या पट्टीवर एकाच जागी गोळा व्हावेत. पसरलेल्या वक्र रेषांच्या जागी आता सरळ, बारीक, काळ्या रेषा. हजारात एक भागाचा फरक कळायला लागला.

निऑन घातला. २० आणि २२. मध्ये २०.२ ला काहीच नाही. हिशोब सोपा होता, दहातले नऊ अणू २० चे आणि एक २२ चा, सरासरी २०.२. ज्याला निऑनसारख्या मूलद्रव्याचं वजन समजत होते, ती नुसती सरासरी होती.

मग त्याने क्लोरीन घातला, आणि खरी मजा इथे आहे. क्लोरीनचा अणुभार जवळपास ३५.५. या अर्ध्या आकड्याने रसायनशास्त्रज्ञांना शतकभर छळलं होतं. १८१५ च्या सुमारास विल्यम प्राऊट नावाच्या इंग्रज डॉक्टरने मांडलं होतं की सगळे अणू हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत. कल्पना सुंदर, पण क्लोरीनच्या ३५.५ ने ती मोडीत काढली. ॲस्टनच्या पट्टीवर रेषा आल्या ३५, ३६, ३७ आणि ३८ ला. ३५.५ ला कोरं.

चार रेषा म्हणजे चार प्रकारचे क्लोरीन का? नाही. ३६ आणि ३८ म्हणजे ३५ आणि ३७ ला एकेक हायड्रोजन चिकटलेला, हायड्रोक्लोरिक आम्लाचा रेणू. शिवाय १७.५ आणि १८.५ ला फिकट रेषा होत्या. तीच जुनी गोम, दोन इलेक्ट्रॉन गेलेले ३५ आणि ३७. म्हणजे खरे क्लोरीन दोनच, ३५ आणि ३७, आणि प्रमाण साधारण तीनास एक. तीन वेळा ३५, एक वेळा ३७, चाराने भागा. ३५.५. शंभर वर्षांचा तिढा चौथीतल्या पोराच्या गणिताने सुटला.

ब्रोमीनने तर आणखी चकवलं. त्याचा अणुभार जवळजवळ ८०, पूर्ण आकडा. म्हणजे हा तरी एकटाच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. निघाले ७९ आणि ८१, जवळपास निम्मे निम्मे. ८० वजनाचा ब्रोमीन त्यात नव्हताच.

आता परत राहुरीला, म्हणजे द्राक्षाकडे येऊ. आजची मशीन ॲस्टनच्या मशीनपेक्षा खूप वेगळी आहेत. फोटोच्या काचेऐवजी कॉम्प्युटरवर आलेख येतो. आडव्या रेघेवर वजन भागिले भार, उभ्या रेघेवर किती कण आले. पण वाचायची रीत त्याचीच. क्लोरमेक्वॅटच्या भारित कणाचं वजन १२२. त्यात एक क्लोरीन आहे. मग निसर्गाच्या नियमाने तीन कणांमागे एक कण ३७ चा क्लोरीन घेऊन येणार आणि १२४ वर दिसणार. आलेखावर १२२ ला उंच काठी आणि १२४ ला तिच्या एक तृतीयांश काठी दिसली की जाणकार क्लोरीन ओळखतो. एकटी १२२ ची काठी असेल तर माल दुसराच काहीतरी आहे.

पण द्राक्षाच्या रसात साखर, आम्लं, रंग अशी हजारो रसायनं असतात. १२२ वजनाचं आणखी काही असूच शकतं. म्हणून मशीनला तीन टप्पे असतात. पहिला टप्पा फक्त १२२ ला पुढे सोडतो. दुसऱ्यात वायूवर आपटून तो कण फोडतात. तिसऱ्यात तुकडे मोजतात. क्लोरमेक्वॅट फुटला की एक तुकडा ५८ चा मिळतो, एक ६३ चा. ५८ च्या तुकड्यात क्लोरीन नाही, ६३ च्या तुकड्यात आहे. त्यामुळे १२४ वाला जड भाऊ फोडला तरी ५८ तसाच राहतो, पण ६३ चा मात्र ६५ होतो. म्हणून तपासणीत १२२ पासून ५८, १२२ पासून ६३ आणि १२४ पासून ५८ अशा वाटा पाहतात. त्यांचं आपसातलं प्रमाण शुद्ध नमुन्याशी जुळलं तरच औषध सापडलं असं म्हणायचं. नाहीतर एखाद्याचा कंटेनर उगाच बुडायचा.

हे रसायन आणखी एका बाबतीत त्रासदायक आहे. बाकीची पन्नास-शंभर कीटकनाशकं एकाच दमात काढायची जी नेहमीची पद्धत आहे, त्यात हे नीट सापडत नाही, कारण ते पाण्याला धरून बसतं. त्याची तपासणी वेगळी करावी लागते. जे शोधायला गेलोच नाही ते मशीन आपणहून सांगत नाही, ही गोष्ट २०१० मध्ये आपल्या बागायतदारांना फार महागात पडली.

ज्यांना या आलेखांची गोडी लागली त्यांच्यासाठी एक कोडं. कपाशीवर मारतात ते प्रोफेनोफॉस. त्यात एक क्लोरीन आणि एक ब्रोमीन. ब्रोमीन निम्मे निम्मे, क्लोरीन तीनास एक. दोन्ही मिळून आलेखावर ३७३, ३७५, ३७७ अशा दोन-दोनच्या अंतराने काठ्या येतात, साधारण तीन, चार आणि एक या उंचीच्या. मधली सगळ्यात उंच का, हे कागदावर करून बघा, जमेल. बाकी हे सगळे आकडे पहिल्यांदा ॲस्टनच्या काचेवर उमटले होते.

१९२१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि १९२२ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसून. पण त्याच्या मोजमापातून आणखी एक गोष्ट बाहेर पडली होती. हायड्रोजनचं वजन नेमकं १ नव्हतं, १.००८ होतं. चार हायड्रोजनचे ४.०३२ झाले पाहिजेत, आणि हेलियम भरतो जेमतेम ४.००३. उरलेलं वजन गेलं कुठे? आर्थर एडिंग्टनने १९२० मध्येच सांगितलं की सूर्याची आग बहुधा याच हरवलेल्या वजनातून येते. नोबेलच्या भाषणात ॲस्टननेही या ऊर्जेबद्दल आशा दाखवली आणि ती हाताबाहेर गेली तर काय होईल याची भीतीही.

पुढे १९२७ मध्ये त्याने दुसरं मशीन बनवलं, दहा हजारात एक भाग ओळखणारं. तिसरं त्याहून बारीक. निसर्गात सापडणाऱ्या २८७ समस्थानिकांपैकी २१२ एकट्याच्या खात्यावर आहेत. एकट्याच्या म्हणजे खरंच एकट्याच्या, कारण त्याला मदतनीस आवडायचे नाहीत. शिष्यांची मोठी फळी त्याने उभी केली नाही. थोडी खंत वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण माणूसच तसा होता.

लग्न केलं नाही. ट्रिनिटी कॉलेजच्या खोलीत राहिला. पियानो, व्हायोलिन, चेलो वाजवायचा. हिवाळ्यात स्कीइंग, उन्हाळ्यात टेनिस आणि गोल्फ, मोटारीचं वेड वेगळंच. खग्रास सूर्यग्रहण पाहायला सुमात्राला, १९३२ मध्ये कॅनडाला आणि १९३६ मध्ये जपानला गेला. पैसे गुंतवण्यातही हुशार होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिजला त्याच्याच तत्त्वावरची अवाढव्य यंत्रं उभी राहिली आणि युरेनियमची उफणणी झाली. त्यातला युरेनियम हिरोशिमावर पडलेल्या बाँबमध्ये गेला. ऑगस्ट १९४५ ची ही गोष्ट. २० नोव्हेंबर १९४५ ला केंब्रिजमध्ये ॲस्टन वारला. आपली बरीचशी संपत्ती त्याने ट्रिनिटी कॉलेजला ठेवली होती.